बोर्डो मिश्रणाच्या गावची वाइन

‘बोर्डो’ हा शब्द आमच्या घरात वाइनच्या कितीतरी आधी आला, फवारणीच्या ड्रममधून. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग. ढगाळ हवा पडली की केवड्याची, म्हणजे वेलीवरच्या बुरशीच्या रोगाची धास्ती, आणि मग माझे वडील, नाना, पहाटेच एका ड्रममध्ये मोरचूद भिजत घालायचे, दुसऱ्यात कळीचा चुना विरघळवून गाळून घ्यायचे. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही एकत्र झालं की आभाळी निळं बोर्डो मिश्रण तयार व्हायचं. मग नाना त्यात विळ्याचं पातं बुडवायला सांगायचे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, आणखी घाल. पातं स्वच्छ निघालं की पंप सुरू. विळा धरायचं काम माझ्याकडे असायचं, त्यामुळे ते पातं मला अजून जसंच्या तसं आठवतं.

हे बोर्डो म्हणजे फ्रान्समधलं बोर्दो, हे मला मुंबईत बँकेत लागल्यावर कळलं. तिथल्या मेदोक भागातले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारायचे, पण रोगासाठी नव्हे. येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षं तोडून खाऊ नयेत म्हणून. निळे डाग दिसले की कोणी हात लावायचं नाही. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांच्या लक्षात आलं, की केवड्याने बागाच्या बागा झडल्या तरी रस्त्याकडेच्या या वेलींची पानं शाबूत आहेत. १८८५ मध्ये त्यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि ते औषध जगभर गेलं, निफाडलाही आलं. आमच्या कित्येक हंगामांची द्राक्षं त्याने वाचवली. त्या गावची वाइन एकदा तरी प्यायची, हे तेव्हापासून माझ्या मनात होतं.

अडचण भावाची. बोर्दो म्हटलं की जी नावं कानावर येतात, त्यांच्या एका बाटलीत आमच्या मुलुंडच्या घराचा महिन्याचा किराणा भरून होईल. मी स्वतःला मर्यादा घालून घेतली: महिन्याला फार तर एक बाटली, आणि बाटलीला दोन हजारांच्या आत. गेल्या वर्षभरात त्यातून जे हाताला लागलं, ते लिहिते आहे.

आधी मेर्लो या द्राक्षाच्या जातीबद्दल. आपल्याकडे नाशिकच्या बाटलीवर द्राक्षाची जात ठळक लिहिलेली असते, म्हणून बोर्दोच्या बाटलीवरही आपण ‘मेर्लो’ शोधत बसतो. तिथे बहुतेक वेळा ते सापडत नाही. तिकडची पद्धत जागेचं नाव लिहायची, आणि कुठल्या जागेत कुठलं द्राक्ष लागतं हे गिऱ्हाइकाला ठाऊक असणार असं ते धरून चालतात. खरं तर बोर्दोत सगळ्यांत जास्त लागवड मेर्लोचीच आहे. ते बाटलीत असतं, लेबलावर नसतं.

जागेचं गणित आम्हा बागाईतदारांच्या पोरांना पटकन कळण्यासारखं आहे. गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या एकत्र येतात आणि जिरोंद नावाची मोठी खाडी होऊन समुद्राला मिळतात. डाव्या काठाला नदीने आणून टाकलेली गोटेगोट्यांची जमीन. ती पाणी धरत नाही, ऊन लागलं की तापते, तिथे उशिरा पिकणारं काबर्ने सोव्हिन्यों साधतं. उजव्या काठाला चिकणमाती आणि खाली चुनखडी. ही जमीन ओल धरते, थंड राहते, उशिरा तापते. अशा जमिनीत काबर्ने पिकायच्या आत थंडी-पाऊस गाठतो. मेर्लो मात्र लवकर फुटतं आणि लवकर पिकतं, म्हणून उजवा काठ त्याचा. लवकर फुटण्याचा तोटाही आहे. एप्रिलमध्ये दहिवर गोठलं की कोवळी फूट जळून जाते, २०१७ आणि २०२१ ला तसं झालं. साल पातळ, त्यामुळे पावसात कुजही लवकर. ‘मेर्ल’ म्हणजे तिकडचा कस्तूर पक्षी, काळाभोर. त्याच्या रंगावरून किंवा त्याला ही द्राक्षं आवडतात म्हणून हे नाव पडलं, असं म्हणतात.

१८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनची जी प्रतवारी झाली, तिच्यात उजव्या काठाची एकही लाल वाइन नव्हती. पुढे त्या काठावरच्या सेंत-एमिलियों गावाने १९५५ मध्ये स्वतःची प्रतवारी केली. पोमरोलने ती कधी केलीच नाही, तरी तिथल्या पेत्रूसची बाटली लाखांत जाते, आणि तीही जवळजवळ सगळी मेर्लोची. म्हणजे भाव चढले ते या दोन गावांच्या नावाचे. पण चिकणमाती आणि चुनखडी काही गावाच्या शिवेवर थांबत नाही. सेंत-एमिलियोंचं पठार पूर्वेला तसंच पुढे कास्तियोंमध्ये जातं, त्याच्या पलीकडे फ्राँ, आणि पोमरोलच्या पश्चिमेला फ्रॉन्साक. तीच जात, जवळपास तशीच जमीन, भाव तिसरा-चौथा हिस्सा. वर्षभरात मी शिकले ते एवढंच. बाकी सगळं त्याचा पडताळा.

पहिली बाटली मात्र पूर्ण वाया गेली. आमच्या उपनगरातल्या एका दुकानातून घेतली होती. पाटीवर ‘वाइन्स’, आत व्हिस्की आणि बीअर, आणि पश्चिमेच्या काचेला लागून वरच्या फळीवर उभ्या पाच-सहा परदेशी वाइन. साधी ‘बोर्दो’ लिहिलेली, १६५० रुपयांची. घरी आणून वरचं वेष्टन काढलं तर बूच बाटलीच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर वर आलेलं आणि खाली चिकट लाल ओघळ वाळलेला. ग्लासात ओतली, कडेने विटकरी रंग. वास थेट गुऱ्हाळाचा, उकळत्या काकवीचा. मे महिन्याच्या उन्हाने बाटलीतच शिजलेली वाइन होती ती. परत नेली तर मालक म्हणाले, “मॅडम, वाइन जुनी झाली की अशीच लागते.” तशी लागत नाही. पैसेही मिळाले नाहीत, बदलूनही मिळाली नाही, आणि याचा मला आजही राग आहे. कारण आयुष्यातली पहिली बोर्दो कोणी अशी प्यायली तर तो माणूस परत त्या वाटेला जाणार नाही, आणि दोष मात्र त्या शेतकऱ्याच्या नावावर जाईल.

तेव्हापासून माझा नियम पक्का आहे. दुकानात वाइन एसीत ठेवली आहे का, बाटल्या आडव्या आहेत का, हे आधी पाहायचं. मग वेष्टनावरून अंगठा फिरवायचा. बूच तोंडाशी सपाट लागलं पाहिजे, वर आलेलं नको. उभ्या ठेवलेल्या बाटलीत वाइनची पातळी मानेच्या खाली उतरलेली दिसली तर ती घ्यायची नाही. दुकानदार घाई करत असेल तर करू दे.

दुसरी बाटली ऑफिसहून निघताना दक्षिण मुंबईतल्या एका दुकानातून घेतली. तिथे वाइनसाठी काचेची वेगळी थंड खोली आहे. ‘बोर्दो सुपेरिअर’, २०२० चं साल, १९५० रुपये. ‘सुपेरिअर’ म्हणजे उच्च प्रतीची असं नाही, साध्या बोर्दोपेक्षा कमी उत्पन्नाची आणि जास्त दिवस मुरवण्याची अट त्यांना पाळावी लागते, इतकंच. मागच्या लेबलावर बारीक अक्षरात तीन चतुर्थांशाहून जास्त मेर्लो लिहिलेलं होतं. कुठल्या शातोची, म्हणजे कुठल्या वाइन-बागेची, ते मुद्दाम सांगत नाही, कारण त्या दुकानात दर खेपेला वेगळ्याच छोट्या बागेचा माल येतो आणि मी सांगितलेली बाटली तुम्हाला मिळायची नाही. त्यापेक्षा लेबल वाचता आलेलं बरं. ‘मीज आं बुतेय ओ शातो’ असं लिहिलेलं असेल तर ज्यांची द्राक्षं त्यांनीच वाइन भरली आहे. साल २०१८, २०१९, २०२० असेल तर साध्या बाटलीतही फारशी फसगत होत नाही.

चव? पिकलेल्या जांभळाची. जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी किंचित आवळते तितकाच तुरटपणा, जास्त नाही. मागून आलूबुखार, आणि शेवटी थोडी कोकोसारखी कडवट गोडी. मुंबईत सगळीकडे ओळखीची असलेली मुतों कादे ही बोर्दो मी त्याच आठवड्यात पुन्हा पिऊन पाहिली. तिच्यातही मेर्लोच जास्त, आणि ती दर वेळी तशीच छान लागते. पण तिच्यापेक्षा कमी पैशांत मला ही जास्त भरीव वाटली.

एक गोष्ट मात्र मी पहिल्या संध्याकाळी चुकले. लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी असं सगळीकडे वाचलेलं, तशी प्यायली, आणि नुसत्या अल्कोहोलचा भपका आला. ती रूम फ्रान्सच्या दगडी घरातली, सोळा ते अठरा अंशांची. आमच्या हॉलमध्ये पंख्याखाली तीस अंश असतात. दुसऱ्या दिवशी उरलेली अर्धी बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून काढली तर तीच वाइन ओळखू येईना. जांभूळ तेव्हाच कळलं. मुंबईत मेर्लो प्यायची तर हा अर्धा तास चुकवू नका. न उघडलेली बाटली साठवायला आमच्याकडे तळघर नाही, फ्रीजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवते, तीन-चार महिन्यांना काही बिघडत नाही.

आणि मग जुलैत भाची आली. भावाची मुलगी, बोर्दोत शेतीशास्त्राचं पुढचं शिक्षण घेते. विमानातून येताना माणशी दोन लिटरपर्यंत दारू विनाशुल्क आणता येते, म्हणजे पाऊण लिटरच्या दोनच बाटल्या, तिसरी आणली तर हद्द ओलांडते. मी तिला महिनाभर आधी सांगून ठेवलं होतं: सेंत-एमिलियों आणू नकोस, शेजारची आण. तिने फ्राँची शातो प्विगरो २०१९ आणि फ्रॉन्साकची शातो द ला रिव्हिएर २०१८ आणली. दोन्ही तिथल्या दुकानात तेरा ते पंधरा युरोंच्या दरम्यान, म्हणजे आपले साधारण दीड हजार. याच बाटल्या रीतसर आयात होऊन आल्या असत्या तर वर्षानुवर्षं चालत आलेलं १५० टक्के सीमाशुल्क, मग राज्याचं शुल्क, मग आयातदार आणि दुकानदार यांचा वाटा, हे सगळं धरून चार हजारांच्या खाली मिळाल्या नसत्या असा माझा हिशेब आहे. त्यामुळे कोणी येणार असेल तर त्या दोन लिटरांत विमानतळावरची व्हिस्की न भरता अशा दोन बाटल्या भरायला सांगा.

नानाही त्याच आठवड्यात गुडघा दाखवायला मुंबईत आले होते. श्रावण लागायला बारा-तेरा दिवस होते, त्यामुळे रविवारी घरात मटण ठरलेलंच. नानांच्या गळ्यात माळ नाही, पण दारूचा शौकही नाही. तरी नातीने ओतलेला ग्लास त्यांनी हातात घेतला.

आधी प्विगरो उघडली. मेर्लो मुख्य, सोबत काबर्ने फ्राँ ही जात आणि थोडं माल्बेक. हिच्यात जांभळापेक्षा करवंद जास्त, अंबूस तजेला जास्त. दुसरी रिव्हिएर. या शातोच्या खाली दगडाच्या जुन्या खाणी आहेत आणि त्या भुयारांत वाइनची पिंपं मुरत ठेवतात. भाची तिथे जाऊन आली आहे. तिने मोबाइलवर फोटो दाखवले, भिंती ओलसर, चुनखडीच्या. ही वाइन दाट, गडद, वासात आलूबुखार आणि किंचित धूर. उघडल्या उघडल्या ती गप्प वाटली, तासाभराने मोकळी झाली. मला विचाराल तर दोन्हींत रिव्हिएर उजवी, पण तिला तो एक तास द्यावाच लागतो. पाहुणे दारात असताना उघडायची असेल तर प्विगरो घ्या.

नानांनी रिव्हिएरचा घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात फिरवला. मग म्हणाले, “बी तपकिरी झाल्यावर तोडलीत ही द्राक्षं.”

भाची त्यांच्याकडे बघतच राहिली. मला मात्र लगेच कळलं. नानांनी काही वर्षं एका कंपनीशी करार करून वाइनची द्राक्षं लावली होती, काबर्ने आणि शिराज. तेव्हा ते रोज सकाळी बागेत जाऊन दोन-चार मणी तोडायचे, गर थुंकून टाकायचे आणि बी चावायचे. बी हिरवी असली की तोंड आवळतं, तपकिरी झाली की भाजलेल्या शेंगदाण्यासारखी लागते. साखर मोजायचं यंत्र काहीही म्हणो, नाना बीवर ठरवायचे. वाइनची पुस्तकं ज्याला पिकलेला टॅनिन म्हणतात ते हेच. आयुष्यात तिसऱ्यांदा की चौथ्यांदा वाइन चाखणाऱ्या माणसाने ते एका घोटात सांगितलं.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. एकरी माल किती निघतो? भाचीने हेक्टरी लिटरांचा हिशेब टनांत करून सांगितला, एकरी अडीच-तीन टन, त्याच्या वर फार जायची नियमात मुभाच नाही. नाना म्हणाले, “तीन टनांत घर कसं चालतं?” तिने सांगितलं, की पुष्कळांचं चालत नाही. मोठ्या नावांचं चालतं. साधी बोर्दो पिकवणाऱ्यांच्या वाइनला उठाव राहिलेला नाही, आणि २०२३ मध्ये तिथल्या सरकारने मदत देऊन हजारो हेक्टर वेली उपटून टाकायची योजना आणली. लोकांनी आजोबांनी लावलेल्या बागा उपटल्या.

नाना काही बोलले नाहीत. आमचीही वाइनची बाग नानांनी अशीच उपटली होती. कंपनीने माल उचलणं बंद केलं, भाव पडला, खाण्याच्या बाजारात त्या बारीक, बियांच्या मण्यांना कोण विचारणार. दोन दिवस ट्रॅक्टर चालला होता. मी तेव्हा मुंबईत होते, फोनवर ऐकलं होतं. त्या रविवारी नानांनी ग्लास संपवला आणि बाटली उचलून लेबलावरची अक्षरं बोटाने चाचपत बसले. म्हणून मला वाटतं, बोर्दोला पैसे घालवायचेच तर ते या लोकांकडे जावेत. मोठ्या नावांना गिऱ्हाईक आहेच. कास्तियों, फ्राँ, ब्लाय, फ्रॉन्साक लिहिलेल्या बाटलीमागे बहुतेक वेळा एक कुटुंब असतं.

जेवणाबरोबर कशी जमते हेही सांगायला हवं, कारण नुसती वाइन पीत बसणं आमच्या घरात होत नाही. नाशिकच्या काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि मेर्लो यांचं जमत नाही. तिखटाने अल्कोहोल जास्त भाजतो आणि वाइनमधलं फळ नाहीसं होतं. त्याच मसाल्याचं सुकं मटण, मिरची निम्मी आणि सुकं खोबरं भरपूर भाजून, हे मात्र सुरेख. खोबऱ्याचा भाजका वास रिव्हिएरमधल्या धुराला जाऊन मिळतो. त्याहून मला आवडलं ते निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी, बरोबर प्विगरो. मटण न खाणाऱ्यांनी हे नक्की करून पाहावं. तळलेल्या बोंबलाबरोबर कुठलीच लाल वाइन घेऊ नका, तोंडात लोखंडाची आणि शिळ्या मासळीची चव येते.

कास्तियों अजून मला मुंबईत दोन हजारांत मिळालेली नाही. एकदा दिसली ती २६०० ला, सोडून दिली. लेबलावर ती ‘कास्तियों कोत द बोर्दो’ अशी येते. ब्लाय, कादियाक, कास्तियों आणि फ्राँ या चौघांनी २००९ मध्ये मिळून ‘कोत द बोर्दो’ हे सामायिक नाव घेतलं, तेव्हापासून शोधायला सोपं झालं आहे. हे तेच कास्तियों, जिथे १४५३ मध्ये इंग्रज हरले, शंभर वर्षांचं युद्ध संपलं आणि बोर्दोवरची त्यांची तीनशे वर्षांची सत्ता गेली. डिसेंबरच्या खेपेत भाची एक कास्तियों आणणार आहे. दुसरी लालांद-द-पोमरोल, पोमरोलच्या उत्तरेला लागून असलेली, थोडी महाग पण सणाला चालेल.

मागच्या आठवड्यात नानांचा फोन आला. फळछाटणीची गडबड, मागे मजुरांचा आवाज. गुडघ्याचं विचारलं तर म्हणाले बरं आहे. मग म्हणाले, “पोरीला सांग, बाटली नाही आणली तरी चालंल. त्यांची छाटणी थंडीत असते म्हणली होती ना, तिचे फोटो काढून आण म्हणावं. जवळून काढ म्हणावं, काडीवरचे डोळे दिसले पाहिजेत.”